पंचांगाचा खटला: मराठी वर्तमानपत्रांत चाललेला एक शास्त्रीय वाद

सामान्य वाचकाला शास्त्र समजावून सांगण्याचे काम मराठीत कधी सुरू झाले, असे विचारले की बहुतेकांच्या तोंडी बाळशास्त्री जांभेकरांचे नाव येते. ते योग्यच आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ निघाले आणि १८४० मध्ये बाळशास्त्र्यांनीच ‘दिग्दर्शन’ मासिक काढून भूगोल आणि पदार्थविज्ञान यांसारखे विषय मराठीत आणले. परंतु ‘दर्पण’च्या एक वर्ष आधी, १८३१ मध्ये, मुंबईत गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून एक वस्तू बाहेर पडली होती. ते मराठीतले छापील पंचांग. शाईत चरबी असते म्हणून छापील अक्षर सोवळ्यात चालत नसे, तेव्हा गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरली, असे सांगतात. ही गोष्ट सांगणारे बहुधा हसून पुढे जातात. मला मात्र त्यात धंद्याची उत्तम जाण दिसते. ज्या वाचकाकडे जायचे आहे त्याच्या देव्हाऱ्यापर्यंत जाण्याची तयारी त्या माणसाने केली होती.

छापील पंचांगाने एक गोष्ट नकळत घडवली. पूर्वी पंचांग गावच्या जोश्याच्या पोथीत असे आणि तो सांगेल ती तिथी. दोन गावांच्या जोश्यांमध्ये दोन घटकांचा फरक असला, तरी तो पाहणारा कोणी नव्हता. छपाई आल्यावर दोन पंचांगे एकाच ओसरीवर शेजारी शेजारी ठेवता येऊ लागली. फरक दिसू लागला, आणि फरक दिसला की वाद आला. हा वाद पुढे शंभर वर्षे चालला. तो प्रामुख्याने मराठीत चालला आणि त्याचा बराच भाग वर्तमानपत्रांच्या रकान्यांत चालला. विज्ञानप्रसाराच्या इतिहासात त्याची नोंद सहसा होत नाही, कारण पंचांग म्हटले की आपल्याला मुहूर्त आणि राशी आठवतात. वास्तविक आकाशातील गणित आणि घरातील माणूस यांना रोज जोडणारे, ग्रामीण भागातही पोहोचलेले दुसरे साधन त्या काळी नव्हते.

वादाचे मूळ समजण्यासाठी थोडे गणित सांगितले पाहिजे. महाराष्ट्रातील व आसपासची पंचांगे ‘ग्रहलाघव’ या करणग्रंथावरून होत. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तो १५२० मध्ये रचला. ज्या-कोटिज्यांची किचकट कोष्टके टाळून, अकरा वर्षांचे एक चक्र धरून, साध्या जोशालाही पाटीवर ग्रह काढता यावेत अशी त्याची योजना आहे. हा ग्रंथ म्हणजे स्वतःच एक प्रकारचा शास्त्रप्रसार होता, असे मी म्हणेन. पण साडेतीनशे वर्षांत साचलेली चूक दिसू लागली. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जुने गणित बऱ्यापैकी जुळे, अष्टमीच्या सुमारास मात्र तिथीच्या समाप्तीत काही तासांचे अंतर पडे. चंद्राची गती अनेक कारणांनी कमीजास्त होते आणि त्यांपैकी थोडीच कारणे जुन्या गणितात धरलेली होती.

याला तोंड फोडले ते केरो लक्ष्मण छत्रे यांनी. केरूनाना (१८२५–१८८४) कुलाब्याच्या वेधशाळेत काम करून पुण्यास प्राध्यापक झालेले गणिती. त्यांनी युरोपीय ग्रंथांच्या आधारे १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. नंतर आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळाने शके १७८७, म्हणजे इ. स. १८६५ पासून, नव्या गणिताचे पंचांग छापले जाऊ लागले. तेच पटवर्धनी पंचांग. त्याचा दावा एका शब्दात सांगता येतो: दृक्प्रत्यय. पंचांगात लिहिलेले डोळ्यांना आकाशात दिसले पाहिजे.

वकिलीच्या धंद्यात एक प्रश्न पहिल्याच दिवशी शिकवला जातो: पुराव्याची जबाबदारी कोणावर? पंचांगाच्या वादात हाच प्रश्न कळीचा होता. जुन्या पक्षाचे म्हणणे असे की, धर्मकृत्यांसाठी लागणारी तिथी शास्त्रोक्त गणिताने आली पाहिजे, ती आकाशात दिसो वा न दिसो. त्यांचा एक आक्षेप फार नेमका होता. ‘बाणवृद्धी रसक्षय’ हा परंपरेतला नियम. तिथी साठ घटकांपेक्षा फार तर पाच घटका वाढते आणि फार तर सहा घटका घटते. नव्या गणितात ती सात घटका वाढू लागली व दहा घटका घटू लागली, म्हणून ‘सप्तवृद्धी दशक्षय’. हे शास्त्रविरुद्ध आहे, असे शास्त्रीमंडळी म्हणत. आता गंमत पाहा. सात घटका वाढ म्हणजे सुमारे २६ तास ४८ मिनिटांची तिथी, दहा घटका क्षय म्हणजे २० तासांची. आजच्या सूक्ष्म गणितानेही तिथीची मोठ्यात मोठी व लहानात लहान लांबी जवळजवळ हीच येते. म्हणजे आक्षेप घेताना विरोधी पक्षाने नव्या पंचांगाच्या अचूकपणाचा पुरावाच नोंदवून ठेवला होता.

परंतु हा सरळ दोन पक्षांचा दावा राहिला नाही. आकाश एक असले तरी मोजायला आरंभ कोठून करायचा, हा प्रश्न आकाश सोडवत नाही. राशिचक्राचा आरंभबिंदू रेवती नक्षत्रातील एका मंद ताऱ्यापाशी धरावा, की चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोर धरावा? का ताऱ्यांचा संबंधच सोडून वसंतसंपातापासून, म्हणजे जेथे सूर्य आल्यावर दिवस-रात्र समान होतात तेथून, मोजावे? पटवर्धनी पंचांगाने रेवती धरली. तिसऱ्या, म्हणजे सायन पक्षाचे सर्वांत कणखर पुरस्कर्ते विसाजी रघुनाथ लेले (१८२७–१८९५) हे ग्वाल्हेर संस्थानात नोकरीस होते. ते वर्तमानपत्रांतून केरूनानांवर टीका करीत आणि त्यासाठी त्यांनी टोपणनाव घेतले होते ‘स्फुटवक्ता अभियोगी’. स्पष्ट बोलणारा फिर्यादी! या नावातच सारे आले. वाद कोठे चालला आहे आणि निवाडा कोणी करायचा आहे, हे त्या माणसाला ठाऊक होते. न्यायाधीश म्हणजे वाचक.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. ग्वाल्हेरला बसलेला एक मराठी माणूस पुण्याच्या प्राध्यापकाला जाब विचारतो. विषय अयनचलनाचा. वाद मराठीत. वाचणारे कोण, तर मामलेदार कचेरीतील कारकून, शाळामास्तर, वकील, भिक्षुक. त्यांना ‘अयनांश’, ‘संपात’, ‘वेध’, ‘स्पर्श’, ‘मोक्ष’, ‘खग्रास’ हे शब्द समजावून सांगावे लागत नव्हते, कारण पंचांगाने ते आधीच घरोघर नेलेले होते. रसायनशास्त्र मराठीत आणताना लेखकांना ‘कर्बद्विप्राणिद’ घडवावा लागला आणि तो वाचकाच्या जिभेवर काही रुळला नाही. खगोलशास्त्राची भाषा मात्र तयार होती. नवीन होती ती मोजण्याची रीत. परिभाषेच्या वादात आपण संस्कृत शब्द की इंग्रजी शब्द यावर डोकी फोडतो. शब्द रुळतो तो वापराने. आजही आमच्याकडचा ऊसकरी शेतकरी ‘नत्र, स्फुरद, पालाश’ बिनचूक म्हणतो, आणि त्याचा महाविद्यालयात शिकणारा मुलगा म्हणत नाही. बापाला त्या शब्दांनी खताचा हिशेब करायचा असतो.

लेल्यांच्या बाजूला जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित येऊन मिळाले व १८८४ च्या सुमारास त्यांनी सायन पंचांग सुरू केले. दीक्षित (१८५३–१८९८) मूळचे दापोलीजवळच्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. त्यांचे मला विशेष अप्रूप वाटते. ‘ज्योतिर्विलास’ या पुस्तकात त्यांनी, जेवणखाण आटोपून अंगणात बसलेल्या माणसाला आकाश दाखवावे तसे दाखवले आहे. आणि १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा प्रचंड इतिहासग्रंथ आला. दक्षिणा प्राइझ कमिटीच्या पारितोषिकाचे निमित्त त्याला होते, बडोद्याच्या गायकवाड सरकारनेही पंचांगविषयक ग्रंथाला उत्तेजन दिले होते. वेदांगज्योतिषापासून आपल्या काळातील पंचांगवादापर्यंत सारा इतिहास त्यात आहे. स्वतः सायन पक्षाचे असूनही विरोधी पक्षांची बाजू ते त्यांच्याच युक्तिवादांनी मांडतात. प्रतिपक्षाची कैफियत इतक्या सचोटीने लिहिणारे वकील मी थोडेच पाहिले आहेत. हा ग्रंथ मराठीत लिहिला गेला, आणि ज्यांना इंग्रजीतून हवा होता त्यांना उज्जैनच्या प्रा. र. वि. वैद्यांनी त्याचे भाषांतर करीपर्यंत, अनेक दशके, थांबावे लागले.

सीमाभागात आपण मराठीची बाजू मांडतो तेव्हा संत, पोवाडे, नाटक आणि शाळांची पटसंख्या पुढे करतो. ही सर्व साक्ष खरी आहे. परंतु एखादी भाषा ज्ञानाची भाषा होती हे सिद्ध करायचे, तर तिच्यात शास्त्रीय वाद झाला होता का, हे दाखवावे लागते. माहितीचे भाषांतर कोणत्याही भाषेत करता येते. चूक काढणे, प्रतिवाद करणे, पुरावा मागणे हे ज्या भाषेत होते ती निराळी. या अर्थाने पंचांगवादाचे रकाने हा आपल्याकडचा एक भक्कम दस्तऐवज आहे.

आता आपल्या अगदी जवळच्या माणसाकडे येतो. व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म १८५४ मध्ये नरगुंदचा. शिक्षकी पेशात त्यांची वर्षे बागलकोटला गेली. म्हणजे आयुष्य कानडी मुलुखात, घर मराठी, ‘ज्योतिर्गणित’ हा मुख्य ग्रंथ संस्कृतात, ‘नक्षत्रविज्ञान’ मराठीत. आज भाषेच्या नावाने नकाशे रंगवताना अशा माणसाला कोठे बसवायचे, हा प्रश्न दोन्ही बाजूंना अडचणीचा वाटेल. त्यांना स्वतःला तो पडला असेल असे वाटत नाही. युरोपातील सूक्ष्म गणित त्यांनी अशा कोष्टकांत बसवले की पंचांगकर्त्याला ते हाताने करता यावे. गणेश दैवज्ञांनी ज्या वाचकासाठी ‘ग्रहलाघव’ लिहिले, त्याच वाचकासाठी हे काम होते. आरंभबिंदूच्या वादात ते अखेरीस चित्रा पक्षाचे प्रमुख प्रवक्ते झाले.

१९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडे ग्रह असावेत असे मांडले आणि त्यांतील एकाचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे ३९ पट दिले. १९३० च्या मार्चमध्ये प्लूटोच्या शोधाची घोषणा झाली, त्याचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट निघाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केतकर वारले. ‘बागलकोटच्या मास्तरांनी प्लूटो शोधला’ अशी वाक्ये अधूनमधून वाचायला मिळतात. ती मी उचलून धरणार नाही. आकडा जवळ आला हे खरे. पण तो आकाशाच्या निरीक्षणातून नव्हे, तर ग्रहांच्या अंतरांतील एका अनुमानित संबंधातून आलेला होता, आणि प्लूटो पुढे फारच लहान ठरला. केतकरांचे खरे यश त्यांच्या कोष्टकांत आहे, तेथे कोणताही योगायोग नाही.

लोकमान्य टिळक हे डेक्कन कॉलेजात केरूनानांचे विद्यार्थी. ‘केसरी’ हाती असल्याने आणि गणिताची जन्माची आवड असल्याने ते या वादापासून दूर राहणे शक्य नव्हते. १९०४ मध्ये मुंबईत ज्योतिष परिषद भरली, पुढे पुणे व सांगली येथेही परिषदा झाल्या आणि त्यांतून दृक्प्रत्ययी गणित व रेवती पक्ष यांवर आधारलेले टिळक पंचांग रूढ झाले. रेवती आणि चित्रा यांत साधारण चार अंशांचा फरक. सूर्य रोज अंदाजे एक अंश चालतो, म्हणून टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते, चित्रा पक्षाच्या पंचांगात १४ जानेवारीला, आणि सायन पंचांगात तर डिसेंबरच्या २१-२२ लाच. एवढ्यावर भागत नाही. संक्रांती चार दिवस सरकल्या की एखाद्या वर्षी अधिक मास निराळा पडतो आणि एकाच गल्लीत दोन घरांची दिवाळी महिन्याच्या अंतराने येते. आकाशाचे गणित बरोबर आले तरी लोकांचा सण एक कसा व्हावा, हा निराळा प्रश्न आहे आणि तो दुर्बिणीने सुटत नाही.

स्वातंत्र्यानंतर हा खटला सरकारदरबारी गेला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली गेली, तिच्यापुढे देशभरातील सुमारे ३० निरनिराळ्या कालगणना होत्या. समितीची नावे पाहण्यासारखी आहेत. नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी, जे स्वतः वकिलीची पदवी घेतलेले होते. उज्जैनचे प्रा. वैद्य. आणि पुण्याचे ज. स. करंदीकर, ‘केसरी’चे माजी संपादक. एका शास्त्रीय समितीवर एका मराठी वर्तमानपत्राचा संपादक बसतो आणि त्यात कोणाला काही विचित्र वाटत नाही, कारण अर्धे शतक हा विषय त्याच रकान्यांत कुटला गेलेला असतो. १९५५ मध्ये अहवाल आला. मुलकी वापरासाठी समितीने ऋतूंशी बांधलेले शक वर्ष सुचवले, ते २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र १८७९, पासून अमलात आले. धार्मिक पंचांगासाठी चित्रा पक्षाला जवळचा अयनांश मान्य झाला. बागलकोटच्या शिक्षकाचा पक्ष दिल्लीच्या निकालपत्रात टिकला, असे म्हणायला हरकत नाही. राष्ट्रीय दिनांक आकाशवाणीवर ऐकू येतो आणि राजपत्रावर छापला जातो. माझ्या वकिलीच्या तीन दशकांत एकाही पक्षकाराने मला तो तोंडाने सांगितलेला नाही.

लोकांपर्यंत पोहोचला तो दुसरा निकाल. सोलापूरच्या दात्यांच्या पंचांगासारखी पंचांगे आणि १९७३ पासून जयंतराव साळगावकरांचे ‘कालनिर्णय’ यांनी सूक्ष्म गणिताची तिथी भिंतीवर टांगली. बेळगाव, निपाणी, पणजी, इंदूर, बडोदे, हैदराबाद, कोठेही मराठी स्वयंपाकघरात जा, ते पान दिसेल. गृहिणी दुधाचा हिशेब त्याच चौकटीत लिहिते, ज्या चौकटीत तिथीची समाप्ती मिनिटांपर्यंत छापलेली असते. केरूनानांचा पक्ष इतका निखालस जिंकला की वाद होता हेच लोक विसरले.

जिंकताना एक गोष्ट मात्र हातची गेली, असे माझे मत आहे. वाद चालू होता तोवर वाचकाला आकाशाकडे पाहण्याचे कारण होते. कोणाचे पंचांग खरे, हे ग्रहणाच्या रात्री अंगणात उभे राहून ठरवता येई. निकाल छापून आल्यावर पाहायचे कशाला?

१६ फेब्रुवारी १९८० चे सूर्यग्रहण पन्नाशीपुढच्या वाचकांना आठवत असेल. खग्रास पट्टा कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरून आत शिरून रायचूरकडे गेला. ज्या कारवारसाठी आपण ठराव करीत आलो त्याच कारवारच्या डोक्यावर भरदुपारी काळोख झाला. बेळगावात ग्रहण खंडग्रास होते, पण सूर्य बहुतेक झाकला गेला. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. स्पर्शाची वेळ भिंतीवरच्या पानावर पाहून आमच्या आजीने दारे लावून घेतली, पाण्यात तुळशीपत्र टाकले आणि मोक्ष होईपर्यंत आम्हा भावंडांना माजघरात बसवले. वेळ मिनिटाला बरोबर होती. रस्ते ओस पडले होते. दूरदर्शनने लोक घरात राहावेत म्हणून त्या दुपारी चित्रपट दाखवला. डोळ्यांना इजा होऊ नये हा हेतू चांगला होता, पण उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नये आणि ग्रहण पाहूच नये या दोन निराळ्या सूचना आहेत, आणि त्या दिवशी माध्यमांनी त्यांची गल्लत होऊ दिली. साध्या पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून सूर्याचे बिंब भिंतीवर पाडता येते, हे सांगायला अर्धा रकाना पुरला असता.

पंधरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ ला, दिवाळीच्या अमावास्येस पुन्हा खग्रास ग्रहण आले. पट्टा राजस्थान-आग्र्याकडून बंगालकडे जाणारा. या वेळी दूरदर्शनने ते थेट दाखवले, वर्तमानपत्रांनी आकृत्या छापल्या, खास चष्मे विकले गेले, आणि माणसे गच्चीवर आली. तीच माणसे, तीच सोवळी आजी. बदलली होती ती सूचना. २००९ च्या जुलैत पट्टा सुरत, बडोदे, इंदूर यांवरून गेला तेव्हा पावसाळी ढगांनी सगळ्यांना फसवले, तरी लोक पहाटे उठून उभे होते.

अलीकडे दर जानेवारीत एक प्रश्न वर्तमानपत्रांकडे येतो: संक्रांत १४ ची १५ ला का जाऊ लागली? उत्तर सोपे आहे. ताऱ्यांना धरून मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असते, तो फरक साचून साधारण ७२ वर्षांत एक दिवस होतो. बहुतेक पत्रे हे दोन ओळींत छापतात आणि खाली तिळगुळाचे चित्र देतात. हीच २० मिनिटे विसाजी रघुनाथ लेल्यांचा मुख्य मुद्दा होती. असेच चालू राहिले तर संक्रांत आणि उत्तरायण यांचा उरलासुरला संबंध तुटेल, हे ते ग्वाल्हेरहून लिहीत होते. आज तसे पत्र एखाद्या संपादकाकडे आले, तर ते छापण्याइतकी जागा तिळगुळाच्या चित्राशेजारी असेल का, हे मला विचारून पाहायचे आहे. येत्या जानेवारीत मी ते पाठवणार आहे.